एकट्याची बैठक : मोटारसायकलच्या आसनाचा इतिहास

मोटारसायकलचा इतिहास लिहिणारे बहुधा इंजिनापासून सुरुवात करतात आणि इंजिनापाशीच थांबतात. किती सीसी, किती अश्वशक्ती, कोणत्या शर्यतीत कोणी कोणाला मागे टाकले, याच्या बारीकसारीक नोंदी सापडतात. ज्या वीतभर जागेवर बसून माणसाने हा सगळा पराक्रम केला, त्या जागेच्या वाट्याला मात्र चार ओळीही मोठ्या मुश्किलीने येतात. वास्तविक यंत्र आणि माणूस यांची सर्वांत जास्त वेळ गाठ पडते ती तिथेच. हाताची पकड सैल करता येते, पाय हलवता येतात. बैठक मात्र सुटत नाही.

या विषयाकडे मी वळलो तो एका व्यवहारी अडचणीमुळे. मी लांबचे प्रवास मोटारसायकलवर करतो, अलीकडे बहुतेक एकट्यानेच. वयाची पंचावन्नी ओलांडल्यावर दीडशे किलोमीटरनंतर माकडहाड ठणकू लागले. डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र पाहून सांगितले, की हाडाला काही झालेले नाही. एक तर फिरणे कमी करा, नाहीतर बैठक बदला. फिरणे कमी करणे म्हणजे माझ्यापुरते बरेच काही सोडून देणे होते. तेव्हा कारखान्यातून आलेली लांबलचक सीट काढून त्या जागी एकट्यापुरती, म्हणजे 'सोलो' सीट बसवावी, असे ठरवले आणि चौकशी सुरू केली. प्रत्येक विक्रेता एकच विशेषण वापरी : मऊ. नुसत्या मऊपणाने काम भागत असते, तर घरच्या गादीवर झोपून कोणाचीही पाठ धरली नसती. म्हणून पेशाने इतिहासाचा अध्यापक असल्याने मी जुने कागद, जाहिराती आणि जुनी वाहने पाहू लागलो.

त्या वाचनातून हाती आलेली गोष्ट अशी : मऊपणा आणि आराम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिरांना चांगले ठाऊक होते. मधल्या काळात हे ज्ञान मागे पडले. ते मागे पडण्याचे कारण तांत्रिक होते, तितकेच सामाजिकही होते.

घोड्याकडून आलेला वारसा

गोटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ साली जर्मनीतील कानश्टाट येथे पेट्रोलवर चालणारी जी पहिली दुचाकी बनवली, तिचा सांगाडा लाकडी होता आणि त्यावर चामड्याचे खोगीर चढवलेले होते. इंजिन नेमके खोगिराखाली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात डाइमलरचा सोळा वर्षांचा मुलगा पॉल ही गाडी घेऊन शेजारच्या उंटरट्युर्कहाइम गावाकडे निघाला, तेव्हा इंजिनातील ज्वलनासाठी तापवलेल्या नळीमुळे बसायच्या जागेनेच पेट घेतला, असे सांगतात. मोटारसायकलवरील बैठकीची पहिली तक्रार अशी शब्दशः जळजळीत होती.

घोड्याचे खोगीर यंत्रावर चढवले तेव्हा एक मूलभूत फरक दुर्लक्षिला गेला. घोडा स्वतःच एक स्प्रिंग असतो. त्याची पाठ हलते, त्याचे सांधे धक्का पचवतात, आणि स्वार रिकिबीवर भार देऊन उरलेला धक्का गुडघ्यांत घेतो. आपल्याकडे 'मांड ठोकणे' म्हणतात ते हेच. मांड म्हणजे नुसते बसणे नव्हे, तर मांड्या, गुडघे आणि पाऊल यांनी भार वाटून घेणे. यंत्राला पाठ नसते. लोखंडी सांगाड्याच्या मागच्या चाकाला कोणतीही लवचीक जोड नव्हती, त्यामुळे खड्ड्याचा धक्का थेट मणक्यात जाई.

यावरचा पहिला मोठा उपाय सायकलच्या धंद्यातून आला. बर्मिंगहॅममध्ये जॉन बोल्टबी ब्रुक्स याने १८६६ साली घोड्यांचा चामडी साज बनवण्याचा व्यवसाय काढला. १८७८ मध्ये त्याचा घोडा मेला, तेव्हा कामावर जाण्यासाठी त्याने सायकल उसनी घेतली आणि तिच्या कठीण आसनाने त्याला इतके बेजार केले की तो स्वतःच नवे आसन बनवू लागला, अशी कथा आहे. १८८२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. कथेपेक्षा तिच्यातले तत्त्व महत्त्वाचे आहे. जाड चामड्याचा तुकडा पुढच्या आणि मागच्या टोकाला खिळवून झोळीसारखा ताणायचा. त्याखाली भरण नाही, फक्त हवा. काही महिन्यांत ते चामडे बसणाऱ्याच्या हाडांप्रमाणे दबते आणि आकार घेते. सैल पडले तर पुढचा नट फिरवून पुन्हा ताणता येते. कारखान्याने सगळ्यांसाठी एकच आसन बनवले, तरी वापरता वापरता ते एकाच माणसाचे होऊन जाई.

ब्रुक्सने पुढे मोटारसायकलींसाठीही अशी आसने बनवली. इंग्लंडच्या मिडलँड्स भागात वॉल्सॉलचे चर्मकाम आणि रेडिचचा सुया-स्प्रिंगांचा धंदा शेजारीशेजारी होते. रेडिचच्या हर्बर्ट टेरी कंपनीच्या स्प्रिंगा मोटारसायकलच्या आसनांत गेल्या. याच कंपनीने नंतर 'अँगलपॉइज' हा टेबलावरचा प्रसिद्ध दिवा बनवला. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनने १९१२ साली आसनाचा दांडाच सांगाड्याच्या नळीत स्प्रिंगवर तरंगता ठेवला. म्हणजे गाडी ताठ, पण स्वार झुलता. १९५८ मध्ये त्यांच्या मोठ्या गाड्यांना मागे शॉकअब्सॉर्बर आले, तरी हा झुलता दांडा लगेच गेला नाही. जर्मन गाड्यांवर पागुझाच्या रबरी आसनांनी हेच काम वेगळ्या पद्धतीने केले.

या सगळ्या आसनांत दोन गोष्टी समान होत्या. ती एका माणसासाठी होती आणि त्यांत भरण जवळजवळ नव्हते. मागे रुंद, पुढे निमुळती. बैठकीची दोन हाडे रुंद भागावर टेकावीत आणि मांड्या मोकळ्या राहाव्यात असा त्यांचा घाट. आपल्या भाषेत 'खोगीरभरती' हा शब्द निरुपयोगी भरताडासाठी वापरला जातो, त्यातले शहाणपण या कारागिरांना इंग्रजीतच का होईना, उमगले होते.

डबलसीटचे राज्य

हे चित्र दुसऱ्या महायुद्धानंतर पाच-सात वर्षांत पालटले. कारणे तीन आणि ती एकदमच जुळून आली.

पहिले कारण मागच्या चाकाचे. १९४९ च्या रॉयल एन्फिल्ड बुलेटला मागे स्विंगआर्म आणि शॉकअब्सॉर्बर मिळाले. १९५० मध्ये नॉर्टनच्या शर्यतीच्या गाडीला मॅकँडलेस बंधूंचा नवा सांगाडा बसला. तो चालवणे म्हणजे पिसांच्या गादीवर बसण्यासारखे आहे, असे रेसर हॅरल्ड डॅनियलने म्हटले आणि त्या सांगाड्याचे नावच 'फेदरबेड' पडले. चाकच धक्का पचवू लागल्यावर आसनाखालच्या स्प्रिंगा अनावश्यक वाटू लागल्या.

दुसरे कारण रसायनाचे. डनलपच्या प्रयोगशाळेत १९२९ साली रबराचा चीक घुसळून फेसाळ रबर तयार झाले होते, तेच 'डनलोपिलो'. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर आणि सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेन शोधले, आणि युद्धानंतर त्याचा फोम स्वस्तात मिळू लागला. पत्र्याचा तळ, त्यावर फोमचा ठोकळा आणि वरून रेक्झिन! चर्मकाराचे दिवसभराचे काम साच्यात काही मिनिटांवर आले.

तिसरे कारण माणसांचे, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. युद्धोत्तर युरोपात मोटार परवडत नव्हती, लग्ने होत होती आणि मोटारसायकल हे जोडप्याचे वाहन झाले. मागे बसणाऱ्याच्या जागेला इंग्रजीत पिलियन म्हणतात. हा शब्द स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतून आला; मूळ अर्थ कातड्याची लहानशी गादी, म्हणजे घोडेस्वाराच्या मागे बाईला बसण्यासाठी बांधलेली. चारशे वर्षे ती जोड म्हणून नंतर बांधली जाई. १९५० च्या आसपास प्रथमच ती पुढच्या आसनाशी एकजीव झाली. दोघांसाठी एकच सपाट बाक बनवणे कारखान्याला स्वस्त पडे आणि दिसायलाही आधुनिक वाटे.

भारतात ही लाट १९५५ मध्ये मद्रासला बुलेट जुळू लागली तेव्हापासून पसरली. पण आपल्याकडे तिला वेगळेच वजन आले. माझ्या लहानपणी पुण्यात सायकलवर डबलसीट दिसली, की पोलीस अडवीत. मोटारसायकल आणि स्कूटर आल्यावर तीच डबलसीट प्रतिष्ठित झाली. साठ-सत्तरच्या दशकांत आकुर्डीहून येणाऱ्या वेस्पा-बजाज स्कूटरना पुढे-मागे स्प्रिंगांची स्वतंत्र आसने असत. पुढच्याच्या मांड्यांमध्ये एक मूल उभे, मागे कडेवर दुसरे घेतलेली पत्नी, हे कुटुंबाचे चित्र त्या दोन आसनांवर मावत नव्हते. लांब सलग सीटवर ते मावले. कायद्यालाही याची दखल घ्यावी लागली : मागे बसणाऱ्याला पकडायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्म्या चाकावर संरक्षक जाळी, असा केंद्रीय मोटार वाहन नियमावलीतला १२३ वा नियम आहे. आपण तिला 'साडीगार्ड' म्हणतो.

म्हणून सलग सीटची निंदा करण्याचे मला कारण दिसत नाही. ती दुसऱ्या माणसाला सामावून घेण्यासाठी जन्मली आणि ते काम तिने चोख केले. पण दोघांना पुरणारी जागा काटेकोरपणे कोणा एकाच्या मापाची असू शकत नाही. पुढे-मागे सरकता यावे म्हणून ती सपाट झाली. जमिनीला पाय टेकावेत म्हणून मध्ये अरुंद झाली. हाडांखालचा रुंद आधार गेला, आणि त्याची भरपाई फोमच्या जाडीने करण्याचा प्रयत्न सुरू झाला.

दुखण्याचे शास्त्र

बसताना शरीराचा बहुतेक भार कमरेच्या तळाशी असलेल्या दोन हाडांवर येतो. मराठी परिभाषेत त्यांना आसनास्थी म्हणतात. मऊ फोमवर बसले की पहिली दहा मिनिटे सुख वाटते. मग फोम दबत जातो, हाडे तळाच्या पत्र्यापर्यंत पोहोचतात, बाजूचा फोम मांड्यांना वर रेटतो, आणि कंबर मागे कलंडून भार माकडहाडाकडे सरकतो. युजीन लँडिस या शरीरशास्त्रज्ञाने १९३० साली केशवाहिन्यांतील रक्ताचा दाब मोजला. धमनीकडच्या टोकाला तो पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटरइतकाच निघाला. बसलेल्या माणसाच्या हाडाखालचा दाब हा आकडा सहज ओलांडतो. तिथला रक्तप्रवाह मंदावतो, आणि आपण ज्याला 'बूड मुंग्यांनी भरले' म्हणतो ते होते.

त्यात कंप मिसळतो. मणक्याला वरखाली हलण्याचा त्रास सेकंदाला चार ते आठ आवर्तनांच्या पट्ट्यात सर्वांत जास्त होतो, आणि खराब रस्ता नेमका तोच पट्टा गाठतो. अमेरिकी शल्यचिकित्सक लुई ब्युई यांनी १९४४ साली माकडहाडाजवळच्या गळवांना 'जीपचा आजार' असे नाव दिले. युद्धकाळात सुमारे ऐंशी हजार अमेरिकी सैनिकांना त्यासाठी रुग्णालयात जावे लागले. पुढे वैद्यकाने जीपला एकटीलाच दोषी धरले नाही. केस, घाम आणि घर्षण यांचाही त्यात वाटा होता. पण बैठक ही ऐषारामाची बाब नसून प्रकृतीची आहे, हे त्यातून ठसले.

या दुखण्यावरचे पुढचे दोन उपाय मोटारसायकलच्या जगाबाहेरून आले, ही गोष्ट मोठी बोलकी आहे. १९६६ मध्ये नासासाठी चार्ल्स योस्ट यांनी विमानातल्या आसनांकरिता सावकाश दबणारा आणि सावकाश उसळणारा फोम तयार केला, तोच आजचा 'मेमरी फोम'. सत्तरच्या दशकाच्या आरंभी रॉबर्ट ग्रेबी या अमेरिकी विद्युत अभियंत्याने चाकांच्या खुर्चीत आयुष्य काढणाऱ्या रुग्णांसाठी हवेच्या पेशींची गादी बनवली. छोटे छोटे रबरी फुगे आतून एकमेकांना जोडलेले. एकावर भार आला की हवा शेजारच्यांत जाते आणि दाब सगळीकडे सारखा वाटला जातो. ही 'रोहो' गादी दाबाने होणाऱ्या जखमांपासून रुग्णाला वाचवण्यासाठी होती. तिचाच भाऊबंद 'एअरहॉक' नावाने आज लांबच्या प्रवासाला निघणारे स्वार सीटवर बांधतात. जो हलू शकत नाही त्याच्यासाठी केलेला शोध सतत हलणाऱ्याच्या उपयोगी पडला.

कारखान्याबाहेरचे कारागीर

कारखान्यांनी एक माप ठरवल्यावर मापात न बसणाऱ्यांची वेगळी बाजारपेठ तयार झाली. अमेरिकेत माइक कॉर्बिनने १९६८ मध्ये सीट बनवायला सुरुवात केली. पुढे त्याचा कारखाना कॅलिफोर्नियातील हॉलिस्टरला गेला. त्याची सीट प्रथम बसणाऱ्याला कडक वाटते. तिचा भर मऊपणावर नसून आकारावर आहे : रुंद, किंचित खोलगट आणि हाडांना पूर्ण टेकणारी. गाडी घेऊन कारखान्यात जावे, समोर बसून सीट घडवून घ्यावी, अशीही सोय तिथे आहे. 'रसेल डे-लाँग' या दुसऱ्या अमेरिकी सीटला दोन्ही बाजूंनी पंखांसारखे आधार असतात. ती बनवण्यापूर्वी कारागीर ग्राहकाची उंची, वजन आणि गाडीवर बसलेले छायाचित्र मागवतो. शिंपी माप घेतो तसेच हे.

अशा सीटची परीक्षा पाहणारी संस्थाही १९८४ पासून अमेरिकेत आहे. तिचे नाव 'आयर्न बट', म्हणजे सरळ मराठीत लोखंडी बूड. चोवीस तासांत १००० मैल, म्हणजे १६०९ किलोमीटर, हे तिचे प्राथमिक प्रमाणपत्र. मुंबईहून दिल्ली गाठून आणखी दोनशे किलोमीटर जाण्यासारखे.

आपल्याकडेही हा बाजार जुना आहे, फक्त त्याचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. पुण्याच्या नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांच्या दुकानांच्या ओळीत सीटवाले बसतात. फोमचा ठोकळा, करवतीचे पाते, डिंकाचा डबा आणि शिलाई मशिन एवढ्या भांडवलावर ते कारखान्याची सीट उसवून नवी घडवतात. चांगला सीटवाला गिऱ्हाइकाला आधी गाडीवर बसवतो, मागून पाहतो आणि मगच कात्री उचलतो. रसेलच्या छायाचित्राचे आणि याच्या नजरेचे काम एकच. मराठ्यांच्या फौजेत सरकारी घोड्यावर चढणारा बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा शिलेदार असा भेद होता. कारखान्याच्या सीटवर समाधानी असलेले आपण सारे बारगीर. नाना पेठेत गाडी लावून उभा राहतो तो शिलेदार.

कारखान्यांनाही जुने दिवस आठवू लागले. २००९ मध्ये आलेल्या रॉयल एन्फिल्ड क्लासिकला पुढे स्प्रिंगांचे एकट्याचे आसन होते आणि मागची सीट वेगळी, काढता येणारी. साठ वर्षांपूर्वी बाजूला पडलेली गोष्ट 'जुन्या काळची शान' म्हणून परतली. मात्र त्या पुनरागमनात रूप जास्त होते. माप घेण्याची जुनी रीत त्याबरोबर आपोआप येत नाही.

निवड

इतिहास वाचून सीट निवडता येते का? माझ्या अनुभवाने येते, कारण काय पाहायचे ते कळते. पहिले माप हाडांचे. पन्हाळीदार पुठ्ठ्यावर गुडघे उचलून मिनिटभर बसावे. दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांमधले अंतर आणि त्याला दोन्ही बाजूंनी दोन-तीन बोटे, इतकी तरी सीट मागे रुंद हवी. स्त्रियांत हे अंतर साधारणतः जास्त असते, म्हणून नवऱ्याला मानवलेली सीट बायकोला मानवेलच असे नाही. दुसरे माप उताराचे. सीट पुढे कललेली असेल तर स्वार टाकीकडे घसरतो आणि स्वतःला मागे ढकलण्यात हात थकतात. तिसरे माप उंचीचे. फोम वाढवला की पाय जमिनीपासून दूर जातात, कमी केला की गुडघे जास्त दुमडतात. चौथी परीक्षा वेळेची. दुकानातली पाच मिनिटे काहीच सांगत नाहीत. दोन तासांनी जी आठवत नाही ती सीट चांगली. आणि अगदी खोल बादलीसारखी सीट एकाच मुद्रेत जखडते. लांबच्या वाटेवर थोडे सरकता आलेच पाहिजे. आपल्या घोडेस्वाराच्या मांडेचा धडा इथे लागू पडतो : दर तासाला पायांवर उभे राहून हाडांना रक्त पोहोचू द्यावे. कोणतीही सीट हे काम आपल्यासाठी करत नाही.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. मोटार वाहन कायद्याचे १२८ वे कलम सांगते, की मागे बसणारा माणूस चालकाच्या मागे पक्क्या बसवलेल्या योग्य आसनावरच बसला पाहिजे. सोलो सीट लावली की मागे कोणालाही घेता येत नाही, मग गाव जवळ असो वा पाऊस येवो. वाहनात फेरफार करण्यावर ५२ व्या कलमाची बंधने आहेत, आणि नोंदणी पुस्तकात आसनक्षमता लिहिलेली असते. तेव्हा परिवहन कार्यालयात आधी विचारावे, सांगाडा कापू नये आणि मूळ सीट जपून ठेवावी.

मला सर्वांत अवघड गेले ते हेच. पंचवीस वर्षे माझ्या मागे पत्नी बसत आली. वरंधा उतरताना तिचा हात खांद्यावर असे आणि वळणाचा अंदाज मला त्या हाताच्या दाबावरून येई. आता तिचे गुडघे साथ देत नाहीत. मी सोलो सीटचे बोललो तेव्हा ती म्हणाली, "अहो, माझी जागा कशाला अडवून ठेवता? मी एसटीने येईन. तुम्ही नीट बसून या म्हणजे झाले." डबलसीटचा जो सामाजिक इतिहास मी कागदांत शोधत होतो, तो एवढ्या तीन वाक्यांत घरात संपत होता.

शेवटी मी सीट घेतली ती रुंद, कडक आणि साधी. स्प्रिंगा नाहीत, झालरी नाहीत. नाना पेठेतल्या सीटवाल्याने दोनदा फोम छाटून ती माझ्या मापाची केली. आता तीनशे किलोमीटरनंतर उतरतो तेव्हा थकवा असतो, ठणका नसतो. मूळ सीट कपड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे. चार बोल्ट काढले की परत बसते.

ब्रुक्सचे चामडे महिनोन्महिने दबून स्वाराचे माप स्वतः घेत असे. फोमला ते जमत नाही. तो भार उचलताच सगळे विसरतो. म्हणून आता ते माप कोणीतरी माणसाने घ्यावे लागते. सव्वाशे वर्षांत आसनाचे साहित्य कितीतरी बदलले, पण आरामाचे सूत्र बदललेले नाही : आधी बसणारा पाहायचा, मग बैठक करायची.